पोटासाठी धर्म? सातारच्या दुष्काळाचा हिशेब

'पोटासाठी धर्म बदलला.' महार-मांगांतून ख्रिस्ती झालेल्या माणसाला हा टोमणा गेली दीडशे वर्षं ऐकावा लागतोय. 1956 नंतर आपल्यालाही त्याच सुरात 'सवलतींसाठी बौद्ध झाले' असं ऐकवलं गेलं. प्रत्यक्षात धर्मांतराबरोबर केंद्राच्या सवलती गेल्या आणि त्या परत मिळायला 1990 उजाडलं. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तर अनुसूचित जातीचा दर्जा आजही नाही. म्हणून हा टोमणा एकदा इतिहासावर घासून पाहिला पाहिजे.

1876-78 चा दुष्काळ घ्या. आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. माण, खटाव, खानापूर हा पूर्वेकडचा मुलूख होरपळून निघाला. भूक सगळ्यांनाच लागली, पण ती सगळ्यांना सारखी लागली नाही. शेतकऱ्याच्या कणगीत मागल्या सालचे चार दाणे तरी असायचे. महार-मांगांचं बलुतं मिळायचं खळ्यावर. पीक गेलं की खळं नाही, खळं नाही की बलुतं नाही. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायची, तर टेम्पलसाहेबाच्या हिशेबानं पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा! गावकरी महादेवाची पिंड पाण्यात कोंडून पावसाचं साकडं घालीत. त्या गाभाऱ्यात महाराला पाय ठेवायची बंदी होती. गाऱ्हाणं मांडायचं, तर तेही वेशीबाहेर उभं राहून.

आता प्रश्न असा, की भुकेनं धर्म बदलतो का?

अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 पासून होतं, साताऱ्याला 1849 पासून. दुष्काळ दोन्हीकडे पडला. दुष्काळानंतर नगर भागात महार मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले. साताऱ्यात मात्र ख्रिस्ती मूठभरच राहिले. पोट दोन्हीकडे रिकामं होतं, मग हा फरक कशाचा? नगरकडे दुष्काळाआधी कित्येक वर्षं मिशनच्या शाळा महारवाड्यांपर्यंत पोचल्या होत्या. शिकवणारा, प्रार्थना सांगणारा माणूस पुष्कळदा आपल्यातलाच, सोयरा-धायराच असे. साताऱ्यात हे काम फार थोडं झालं होतं. म्हणजे धान्यापेक्षा अक्षरानं आणि ओळखीनं जास्त काम केलं.

याच दुष्काळातला तेलुगू मुलखातला दाखला तर आणखी बोलका आहे. ओंगोलच्या मिशनचा जॉन क्लफ कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेऊन भुकेल्यांना काम देत होता. धान्यासाठी कुणी येऊ नये म्हणून दुष्काळ असेतो त्यानं बाप्तिस्मा बंद ठेवला. मदत थांबल्यावर, 3 जुलै 1878 या एका दिवशी 2,222 जणांनी बाप्तिस्मा घेतला. बहुतेक मादिगा, म्हणजे चामड्याचं काम करणारी अस्पृश्य जात. भाकरीसाठी यायचं असतं, तर भाकरी बंद झाल्यावर ते कशाला आले असते?

त्या प्रार्थनेत त्यांना काय मिळालं, हे वेशीबाहेर उभं राहिलेल्यालाच कळेल. मध्ये पुजारी नाही, विटाळ नाही. आपल्या भाषेत, आपल्या तोंडानं, बसून बोलता येतं. पोटाला लागलेल्या माणसालाही मान असतो. तो मान शोधायला गेलेल्यांना विकाऊ म्हणणं हीच मनुवादी नजर आहे.

पण मित्रांनो, इथं थांबलो तर अर्धंच खरं सांगितलं असं होईल. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीची कठोर चिकित्सा केली आहे. चर्चमध्येही जात शिरली, हे त्यांनी लिहिलं. त्याहून महत्त्वाचं हे, की हिंदू धर्म अस्पृश्याला सांगतो, तुझं दुःख तुझ्या पूर्वकर्माचं फळ. ख्रिस्ती उपदेशक सांगतो, ते पूर्वजांच्या पापाचं फळ. दोन्हीकडे समाजव्यवस्था सुटते आणि माणूस आरोपी ठरतो. दुष्काळ हा पापाचा दंड मानला, की उरते फक्त क्षमायाचना. बलुतं, पाणवठा, मजुरी यांचा जाब कुणी विचारायचा?

आणि पाण्याचा जाब खुद्द बाबासाहेबांच्या बालपणातच आहे. 1901 साली सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तिथं तलाव खोदत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर. डब्यात जेवण होतं, पण पाणी कुणी दिलं नाही. पोरं उपाशीच झोपली. दुष्काळग्रस्तांसाठी तलाव खोदला जात होता आणि तो पैसा सांभाळणाऱ्याच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी नव्हतं. पाऊस पडला असता तरी त्या रात्री त्यांना पाणी मिळालं नसतं. म्हणूनच 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब गेले ते साकडं घालायला नव्हे, हक्क बजावायला.

त्याच वाटेवर पुढे खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मानला. दुष्काळाला दिलेलं हे खरं उत्तर आहे.

तेव्हा ख्रिस्ती झालेल्या आपल्या पूर्वजांना कुणी 'पोटभरू' म्हटलं, तर मान खाली घालू नका. त्यांनी गुडघे टेकले ते माणूस म्हणून उभं राहण्यासाठी. आपलं काम त्यापुढचं आहे. पाणी कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारण्याचं.

जय भीम!