आधी आकडा, मग खेळ

नाटकाचे परीक्षण वाचून आपण तिकीट काढतो आणि नाटक पडेल निघाले, तर पैसे आणि एक संध्याकाळ एवढेच हातचे जाते. व्हिडिओ गेमचा हिशेब निराळा आहे. अमेरिकेत अनेक वर्षे मोठ्या गेमची किंमत साठ डॉलरच्या घरात होती आणि तो पुरा करायला वीस, तीस, कधी साठ तासही लागतात. शिवाय गेम नुसता पाहायचा नसतो, तो शिकावा लागतो. पहिले काही तास बहुधा धडपडण्यातच जातात. म्हणून खेळाडू विकत घेण्याआधी कोणाचे तरी मत शोधतो. खेळायला बसतो तेव्हा ते मत त्याच्या शेजारी येऊन बसलेले असते. या शेजाऱ्याने खेळाच्या आनंदात नेमकी किती भर घातली आणि त्यातून किती काढून घेतले, हा या लेखाचा विषय आहे.

शब्दांकडून टक्क्यांकडे

गेमच्या परीक्षणाचा उगम साधा आहे. १९७९ मध्ये ‘व्हिडिओ’ या अमेरिकन मासिकात आर्नी कॅट्झ आणि बिल कंकल यांनी ‘आर्केड अ‍ॅली’ हे सदर सुरू केले. पुढे १९८१ मध्ये याच मंडळींनी जॉइस वर्ली यांच्यासह ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे स्वतंत्र मासिक काढले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ निघाले. नव्या करमणुकीची ओळख करून देणे हे या लेखनाचे मुख्य काम होते. १९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळला. सुमार गेमचा महापूर हे त्याचे एक कारण मानले जाते. डब्यावरच्या रंगीत चित्राला भुलून कार्ट्रिज घ्यायचे आणि घरी येऊन पस्तावायचे, हा अनुभव हजारोंनी घेतला होता. परीक्षकाची गरज अशी गिऱ्हाइकाच्या पस्ताव्यातून पक्की झाली.

१९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लडलो या छोट्या गावातून ‘क्रॅश’ हे मासिक निघू लागले. त्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. गावातल्या शाळकरी मुलांना गेम खेळायला देत आणि एकाच गेमबद्दल तिघांची मते शेजारी शेजारी छापत. त्याखाली चित्रांकन, खेळण्यातली सहजता, चटक लावण्याची ताकद अशा बाबींना वेगवेगळे टक्के असत. टक्के होते, पण तीन माणसांची मते जुळत नाहीत हेही वाचकाला डोळ्यांपुढे दिसत होते. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ने हीच कल्पना अधिक आटोपशीर केली. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, चार-दोन ओळींचे मत आणि खाली चाळीसपैकी बेरीज. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम १९९८ मध्ये आला, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’. एवढ्या वर्षांनंतर मिळालेल्या या पूर्ण गुणांची बातमी झाली. परीक्षकांनी काय लिहिले ते मात्र त्या बातमीत मागे पडले. चार मते एका बेरजेत विरघळण्याची ही सुरुवात होती.

आकड्यांचा आकडा

जानेवारी २००१ मध्ये ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि ही प्रक्रिया पूर्ण झाली. जगभरच्या परीक्षणांतले गुण गोळा करायचे, ते शंभरपैकी मोजायचे आणि त्यांची सरासरी काढायची. सगळ्या प्रकाशनांना सारखे वजन नसते आणि कोणाला किती वजन, हे बाहेर सांगितले जात नाही. गेमच्या बाबतीत ७५ च्या वर हिरवा रंग, ५० च्या खाली लाल आणि मधला पिवळा. सिग्नलपाशी उभ्या माणसाला जेवढे कळते, तेवढे एका नजरेत कळावे अशी ही सोय.

सोय वाचकासाठी होती, पण तिचा पहिला मोठा उपयोग पैसे देणाऱ्यांनी केला. २०१० मध्ये ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा गेम ऑब्सिडियन या कंपनीने बेथेस्डासाठी तयार केला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस, असा करार होता. मिळाले ८४. दोन वर्षांनी कंपनीचे ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली, तेव्हा एका गुणाची किंमत बाहेरच्या जगाला कळली. त्याआधी, नोव्हेंबर २००७ मध्ये, ‘गेमस्पॉट’चे जेफ गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यात आले होते. ‘केन अँड लिंच’ला त्यांनी दहापैकी सहा गुण दिले होते आणि त्याच गेमच्या जाहिराती तेव्हा संकेतस्थळावर झळकत होत्या. कमी गुणांवरून वरिष्ठांवर दबाव होता, हे त्यांनी २०१२ मध्ये स्वतः सांगितले. आकडा जितका लहान आणि सुटसुटीत, तितके त्याच्यावर वजन टाकणे सोपे, हे या दोन्ही प्रकरणांतून दिसते.

आनंद मोजण्याचे प्रयोग

आकड्याचा बोनसवर आणि नोकरीवर परिणाम होतो, हे ठीक. पण खेळणाऱ्याच्या आनंदावर होतो का? हा प्रश्न २०१० च्या सुमारास प्रयोगशाळेत गेला. अमेरिकेतील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ आणि ईडार ही बाजार-अभ्यास करणारी संस्था यांनी दीडशेहून अधिक जणांना ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा एकच गेम खेळायला दिला. एका गटाला आधी चांगले गुण दाखवले, दुसऱ्याला वाईट, तिसऱ्याला काहीच नाही. खेळून झाल्यावर प्रत्येकाने गुण द्यायचे होते. चांगले गुण पाहिलेल्यांनी जास्त दिले, वाईट पाहिलेल्यांनी कमी. शेवटी रोख रक्कम हवी की गेमची प्रत, असे विचारले, तेव्हा प्रत निवडण्यातही पहिला गट वाईट गुण पाहिलेल्यांच्या बराच पुढे होता. म्हणजे हे केवळ परीक्षकाची री ओढणे नव्हते. लोक आपल्या मतामागे पैसेही सोडायला तयार होते.

दुसरा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये खेळाडूंना आधी अनुकूल किंवा प्रतिकूल मजकूर वाचायला दिला. गुणांत फरक पडला, हे पहिल्या प्रयोगासारखेच झाले. पण इथे खेळतानाच्या शारीरिक प्रतिक्रियाही नोंदवल्या होत्या आणि त्यांत तसा फरक दिसला नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा, की परिणाम खेळतानाच्या भावनेवर नव्हे, तर खेळून झाल्यावर तिचा अर्थ लावण्यावर होतो. वाचलेले मत आणि आलेला अनुभव यांचा मेळ मन नंतर घालते.

हे वाचून हायसे वाटण्याचा मोह होतो. आनंद शाबूत आहे, बिघडतो तो फक्त जबाब! पण गेमच्या बाबतीत जबाबच बराच काही ठरवतो. मोठा गेम एका बैठकीत संपत नाही. आज रात्री जी आठवण मनात ठरली, तिच्यावर उद्या पुन्हा बसायचे की नाही हे ठरते, मित्राला सांगायचे की नाही हे ठरते. खेळताना हसलेला माणूस नंतर ‘तसा बराच आहे’ एवढेच म्हणाला, तर त्याचे पुढचे वीस तास त्या वाक्याने खाल्लेले असतात.

शब्द काय करतात

मग परीक्षण ही खेळाडूला लागलेली पीडाच म्हणायची का? ‘डेमन्स सोल्स’ या गेमचा इतिहास तसे म्हणू देत नाही. २००९ च्या फेब्रुवारीत तो जपानमध्ये आला. त्यात माणूस पदोपदी मरतो आणि पुन्हा मागून सुरुवात करावी लागते. ‘फामित्सू’ने चाळीसपैकी २९ गुण दिले. सोनीचे शुहेई योशिदा यांनी तो सुरुवातीला सुमारे दोन तास खेळून वाईट ठरवला होता आणि सोनीने तो पाश्चात्त्य देशांत स्वतः प्रकाशित केला नाही. पण जपानमध्ये तोंडोतोंडी त्याची विक्री वाढत गेली. अमेरिकेत तो अ‍ॅटलसने ऑक्टोबरमध्ये आणला आणि त्याच ‘गेमस्पॉट’ने त्याला वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरवले.

खेळ तोच होता. बदलली होती ती त्याच्याकडे पाहण्याची रीत. इथे मरणे म्हणजे हरणे नाही, ते शिकणे आहे, घाई करू नका, शत्रूची चाल पाहा, हे कोणीतरी शब्दांत सांगितले होते. हे कळलेला खेळाडू दोन तासांनंतर उठत नाही आणि उठला नाही म्हणून त्याला पुढचा आनंद भेटतो. अशा वेळी परीक्षण आठवणीला रंग देऊन थांबत नाही, प्रत्यक्ष खेळण्याची पद्धत बदलते. आकडा किती आनंद घ्यायचा ते सांगतो, शब्द कसा घ्यायचा ते सांगू शकतात. चाळीस वर्षांत पहिल्याने दुसऱ्याला झाकले, ही या इतिहासातली खरी हानी आहे.

ती काहींच्या लक्षात आली होती. ब्रिटनच्या ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण देणे बंद केले, पण २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने आकडा परत आला. दरम्यान खेळाडू स्वतःच परीक्षक झाले होते. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला, तेव्हा समीक्षकांनी त्याची वाखाणणी केली आणि मेटाक्रिटिकवर सामान्य खेळाडूंच्या नावाने शून्यांचा पाऊस पडला, तोही प्रकाशनानंतर काही तासांतच. गेम पुरा व्हायला वीस तासांहून अधिक लागतात. त्यानंतर संकेतस्थळाने नवा गेम आल्यावर पहिले ३६ तास वाचकांची मते न घेण्याचा नियम केला. समीक्षकाच्या आकड्यातून सुटू पाहणारा खेळाडू शेवटी आकड्याकडेच वळला होता, आणि या वेळी तर त्याला खेळण्याचीही गरज वाटली नव्हती.

आपल्याकडची एक गोष्ट यासमोर ठेवावीशी वाटते. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत टीव्हीला जोडायचे स्वस्त नकली यंत्र आले. एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा असे आणि प्रत्यक्षात तेच ते पुन्हा निघत. ‘मारिओ’ला किंवा ‘कॉन्ट्रा’ला कोणी किती गुण दिले, हे खेळणाऱ्या मुलांच्या कानावरही नव्हते. पण ती मुले मताशिवाय खेळत होती, असे मात्र नाही. गल्लीतला थोरला मुलगा सांगायचा, ‘इथून उडी मार, वर चोरवाट आहे.’ त्याने कधी दहापैकी नऊ दिले नाहीत. त्याने वाट दाखवली आणि रिमोट पुन्हा धाकट्याच्या हातात दिला. लडलोची ती शाळकरी पोरे छापील पानावर जे करू पाहत होती, ते याहून फार वेगळे नव्हते.