कार्ड शेअरिंग म्हणजे काय? कनेक्शन एकाचं, टीव्ही अनेकांचे!

नाशिकमध्ये एकेकाळी हॉलमधली केबल फोडून बेडरूममध्ये नेली की दुसरा टीव्ही सुरू व्हायचा. मग ३८ शहरांच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिकचंही नाव आलं, ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स, वर त्याचं भाडं.

एकाच कार्डावर दोन टीव्ही का चालू नयेत? युरोपातल्या हौशी डिशवाल्यांनी याचं उत्तर आधीच शोधलं होतं. तेच कार्ड शेअरिंग.

सॅटेलाइटवरचं पे चॅनल सगळ्यांच्याच डिशवर येतं, पण कुलूपबंद. त्याची चावी, म्हणजे कंट्रोल वर्ड, साधारण दर १० सेकंदांना बदलते. पैसे भरलेले असतील तर बॉक्समधलं स्मार्ट कार्ड ती काढून देतं. कार्ड शेअरिंगमध्ये हीच चावी इंटरनेटवरून दुसऱ्या रिसीव्हरला पाठवतात. चित्र पाठवावंच लागत नाही, ते प्रत्येकाच्या गच्चीवर आलेलंच असतं. चावी जेमतेम ६४ बिटांची, त्यामुळे संथ इंटरनेटवरही काम भागायचं.

लिनक्सवर चालणारा जर्मन ड्रीमबॉक्स या मंडळींचा लाडका. त्यात सीसीकॅम, ऑस्कॅमसारखी सॉफ्टवेअर टाकायची आणि चाव्यांची अदलाबदल करायची: तू तुझ्या कार्डाची दे, मी माझ्या. कोणी किती सॅटेलाइट पकडले, याचीच फुशारकी जास्त. पुढे काहींनी महिन्याच्या पैशांवर 'लाइन' विकायला सुरुवात केली आणि हौसेचा धंदा झाला.

मालिका रंगात आलेली असताना पडद्यावर मध्येच एक आकडा उमटतो ना? चित्र कोणत्या बॉक्समधून चोरलं, हे त्यावरून कळतं. पण इथे चित्र चोरलेलंच नसतं आणि परका रिसीव्हर तो आकडा दाखवेलच असं नाही. म्हणून कंपन्यांनी कार्ड आणि बॉक्सची जोडी बांधली. चावी त्याच बॉक्सला वाचता येते, दुसऱ्याला ती निरुपयोगी.

भारतात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात ६५ए कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय कार्ड ज्याच्या नावावर, पहिला माग त्याच्याच घरी जातो.

फुकटच बघायचं असेल, तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. डिश आणि बॉक्स एकदा विकत घेतले की महिन्याचं भाडं नाही.