सुरिनाम : आर्थिक भवितव्य

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरिनाम या देशाचे क्षेत्रफळ सु. १,६३,८०० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक असून लोकसंख्या सु. ६ लाख आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग अरण्याने व्यापलेला आहे. वस्ती मुख्यतः राजधानी पारामारिबो व किनारपट्टीत एकवटली आहे. स्थानिक बाजारपेठ लहान असल्याने देशाचे उत्पन्न खनिजांच्या निर्यातीवर अवलंबून राहिले असून खनिजांच्या भावाबरोबर ते चढते-उतरते.

विसाव्या शतकात बॉक्साइट हा अर्थव्यवस्थेचा कणा होता. अॅल्युमिनिअम उद्योगाला वीज पुरवण्यासाठी १९६० च्या दशकात सुरिनाम नदीवर अफोबाका धरण बांधण्यात आले. पारानाम येथील अॅल्युमिना कारखाना २०१५ मध्ये बंद पडला. तोपर्यंत सोने ही प्रमुख निर्यात झाली होती. रोझबेल व मेरियन येथे मोठ्या खाणी आहेत; याशिवाय अंतर्भागात लहान खाणकामही चालते. त्यातील पाऱ्याच्या वापराने नद्या दूषित होतात.

खनिजांचे उतरलेले भाव आणि सरकारी उधळपट्टी यांमुळे देश कर्जबाजारी झाला व २०२० मध्ये परकीय रोख्यांची देणी थकली. चलनाचे मूल्य कोसळले, २०२१ मध्ये महागाईचा दर ६० टक्क्यांच्या आसपास गेला. त्या वर्षअखेरीस आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे साहाय्य मिळाले. त्यासोबत वीज व इंधनावरील अनुदानांत कपात करावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पारामारिबोत हिंसक निदर्शने झाली. त्याच वर्षी रोख्यांची फेररचना झाली. त्या बदल्यात कर्जदात्यांना भावी तेल-स्वामित्वधनातील वाटा लिहून देण्यात आला.

स्टाट्सओली ही १९८० मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी जमिनीवरील क्षेत्रांतून तेल काढते. समुद्रातील ५८ क्रमांकाच्या क्षेत्रात जानेवारी २०२० मध्ये तेल सापडल्यावर चित्र पालटले. तेथील ग्रॅनमोर्गू प्रकल्पात टोटलएनर्जीज, एपीए व स्टाट्सओली भागीदार आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाचा खर्च सु. १,०५० कोटी डॉलर आहे. २०२८ मध्ये उत्पादन सुरू होऊन दररोज २,२०,००० पिंप क्षमता गाठणे अपेक्षित आहे. ५२ क्रमांकाच्या क्षेत्रात नैसर्गिक वायूही आढळला आहे.

जुलै २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या राष्ट्राध्यक्षा जेनिफर खेर्लिंग्स-सिमोन्स यांच्या सरकारपुढे तेलाचा पैसा येईपर्यंत खर्च आवरण्याचे आव्हान आहे. भावी उत्पन्नाच्या भरवशावर नवे कर्ज काढल्यास जुने संकट पुन्हा ओढवेल. समुद्रातील तेल-उत्पादनातून स्थानिक रोजगार थोडाच मिळतो. कुशल लोक नेदरलँड्सकडे स्थलांतर करतात, त्यामुळे मनुष्यबळही अपुरे पडते. निकेरीतील भातशेती, मासेमारी आणि अरण्याधारित कार्बन-पतव्यापार हे पर्याय उत्पन्नाने लहान आहेत. पण तेलाचे भाव पडतील तेव्हा आधार ठरू शकणारी क्षेत्रे हीच आहेत.