आगबोटीचे पाहुणे आणि मुंबईची जाहिरात



लोणारचे सरोवर पाहावयास येणारी मंडळी आपल्या बीबीकरांना नवी नाहीत. परंतु अमुक ठिकाण ‘पाहण्याजोगे’ आहे, असे दूरच्या माणसाच्या मनात भरविणे हा एक धंदा आहे, आणि इंग्रजी अमदानीत त्याची मोठी पेढी मुंबई बंदरात होती.

1869 साली सुवेझचा कालवा खुला झाला व विलायत जवळ आली. मरे या लंडनच्या प्रकाशकाने मुंबई इलाख्याची मार्गदर्शिका त्याआधीच, 1859 मध्ये, काढली होती. 1875 मध्ये मॅक्लीन या पत्रकाराचे मुंबईवरील पुस्तक निघाले. मरेच्या पुस्तकात तर प्रवासात नोकर कसा ठेवावा हेही सांगितलेले असे! आपल्या गोविंद नारायण माडगावकरांनी 1863 मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, पण ते मराठी वाचकांसाठी. आगबोटीतून उतरणाऱ्या साहेबाला त्याचा काय उपयोग?

पुस्तकामागून हॉटेले आली. 1871 मध्ये वॉटसन, 1903 मध्ये ताजमहाल. 1881 मध्ये थॉमस कुक कंपनीने मुंबईत कचेरी थाटली. या कंपनीची एक हकीकत मला मोठी बोलकी वाटते. 1886 मध्ये सरकारने हजयात्रेकरूंची व्यवस्था तिच्याकडे सोपविली. हे यात्रेकरू बहुतेक गरीब, आगबोटीच्या डेकवर पथारी टाकून जाणारे. त्यांच्यापासून नफा निघेना, आणि थोड्याच वर्षांत कंपनीने ते काम सोडले. श्रीमंतांची सहल मात्र चालू राहिली.

पुढे रेल्वेने जाहिरात हाती घेतली. लंडन व न्यूयॉर्क येथे प्रचारकचेऱ्या निघाल्या, देवळांची आणि घाटांची रंगीत चित्रे छापली गेली. टपालबोटीने आलेल्या उतारूंना थेट पेशावरकडे नेणारी फ्रंटियर मेल 1928 साली सुरू झाली.

आता दुसरी बाजू. 1870 मध्ये आपल्या खामगावला रेल्वेचा फाटा आला तो पाहुण्यांसाठी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई; तेथे गिरण्या होत्या, आणि गिरण्यांत कामगार. साहेब हिवाळाभर हिंडे, तेव्हा या कामगाराला आठवड्याची एक सुटीही हक्काची नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पगारी रजेला तर 1945 ची कायदादुरुस्ती उजाडावी लागली. 1948 च्या कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस रजा ठरविली. तीही वर्षात 240 दिवस भरल्यास मिळत असे.

मी जिनिंगच्या कामगारांत हिंडतो. रजा काढून कोठे गेला होता, असे विचारले तर उत्तरे ठरलेली: लग्नाला, मयताला, नाहीतर पेरणीला. लोणारला प्रवासी पोचविणाऱ्या एका गाडीवानाला मी विचारले, खाली उतरून सरोवर पाहिलेस का? तो म्हणाला, “भाऊ, गाडी कोनापाशी सोडू?”