सभेत उभे राहण्याचे धैर्य : थोडा इतिहास

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक सभांची कार्यवृत्ते चाळली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. उपस्थिती शे-दोनशेंची असते. परंतु चर्चेत भाग घेणारांची नावे पाच-सहाच, आणि तीही वर्षानुवर्षे तीच. उरलेल्या सभासदांस मते नसतात असे मुळीच नाही. सभा संपल्यावर चहा घेताना जी मते कानी पडतात, ती पुष्कळदा सभेतील मतांहून अधिक विचाराची असतात. परंतु ती कार्यवृत्तात येत नाहीत. आणि जे कार्यवृत्तात येत नाही त्याचा ठराव होत नाही. शिष्यवृत्ती कोणास द्यावी, मुलींच्या शिक्षणासाठी निधी किती ठेवावा, असले प्रश्न मग बोलणाऱ्या चौघांच्या मताने सुटतात, आणि ज्यांच्या घरी तो प्रश्न प्रत्यक्ष नांदत असतो ते मुकाट्याने घरी जातात. का बोलला नाहीत, असे विचारावे, तर उत्तर ठरलेले : "वक्तृत्व ही ईश्वरी देणगी. ती आमच्यापाशी नाही." हे उत्तर कितपत खरे आहे, याचा निर्णय इतिहासाकडून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रीक लोकांचा श्रेष्ठ वक्ता डिमॉस्थेनिस याची कथा जुन्या शालेय पुस्तकांतून अनेकांनी वाचली असेल. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्स नगरात होऊन गेलेल्या या पुरुषाचा उच्चार अस्पष्ट व दम अपुरा होता. त्याच्या पहिल्या भाषणाची लोकांनी टर उडविली. पुढे तोंडात खडे धरून त्याने उच्चार सुधारला, चढण चढताना मोठ्याने पाठ म्हणून दम वाढविला, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या देशातच याहून जवळची उदाहरणे आहेत.

महाराष्ट्रात सभा नवी असली तरी श्रोता जुना आहे. शेकडो वर्षे कीर्तनाने त्याचा कान तयार केला. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका पदाचे वा अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात तोच विचार पटविणारे आख्यान, ही रचना पाहिली म्हणजे उत्तम भाषणाचे शास्त्र आपल्या देवळांतूनच शिकविले जात होते असे म्हणावे लागेल. एक विषय धरावा, तो फोडून सांगावा, मग कथेने मनात ठसवावा. याउपर वक्त्यास अधिक ते काय हवे?

आधुनिक पद्धतीची सभा मात्र एकोणिसाव्या शतकात आली. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. मराठी व गुजराती भाषांत काम करणाऱ्या तिच्या ज्ञानप्रसारक शाखाही निघाल्या. तरुणांनी निबंध लिहावा, सर्वांसमक्ष वाचावा व त्यावर चर्चा करावी, हा तेथील क्रम. दादाभाई नवरोजी हे या मंडळींपैकीच एक. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. या दोन्ही उपक्रमांचे मर्म एकच : बोलणारा माणूस सभेतच तयार होतो.

आता ज्या दोन प्रसंगांचा आम्हांस विशेष ऊहापोह करावयाचा आहे, ते दोन्ही ज्ञातीशी निगडित आहेत, म्हणून ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ते यावेत हेच उचित.

पहिला प्रसंग २४ फेब्रुवारी १८८३ चा. बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात कल्याणच्या एका महाराष्ट्रीय मुलीने इंग्रजीत भाषण केले. तिचे वय अठराही पुरे नव्हते. तिचे नाव आनंदीबाई जोशी. वैद्यक शिकण्यासाठी ती अमेरिकेस जाणार, हे कळताच चोहोकडून टीका सुरू झाली होती. पुस्तके घेऊन रस्त्याने जाताना लोक टक लावून पाहत, कुचेष्टा करीत. अशा वेळी घरात बसून अश्रू ढाळणे सोपे होते. आनंदीबाईंनी सभेत उभे राहणे पसंत केले.

त्या भाषणाची मांडणी अभ्यासण्याजोगी आहे. लोक पाठीमागे जे प्रश्न विचारीत, तेच सहा प्रश्न त्यांनी स्वतःच श्रोत्यांपुढे ठेवले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का? परतल्यावर ज्ञातिबहिष्कार पडणार नाही काय? संकट ओढवले तर काय कराल? जे कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे? आणि मग एकेकाचे उत्तर दिले. या देशातील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे सांगण्यास धजत नाहीत, यास्तव स्त्री-वैद्यांची निकड आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बहिष्काराविषयी त्यांनी निःशंकपणे सांगितले की आपण तेथे आपल्याच आचाराने राहू, हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ. मग भय कसले? पुढे १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रत्यक्ष व्यवसाय करण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. परंतु सतराव्या वर्षी दिलेली ती सहा उत्तरे पुढील पिढ्यांतील कितीतरी मुलींच्या उपयोगी पडली असतील! श्रोत्याच्या मनातील शंका त्याच्याआधी आपण उच्चारावी, ही रीती ज्याने साधली त्याला अर्धी सभा जिंकल्यासारखीच आहे.

दुसरा प्रसंग १८८८ चा. राजकोटच्या शाळेतून विलायतेस जावयास निघालेल्या एका विद्यार्थ्यास निरोप देण्यासाठी समारंभ झाला. त्याने आभाराचे चार शब्द लिहून नेले होते. पण ते वाचतानाही त्याचे डोके गरगरले व सर्वांग कापू लागले. तोच मुलगा थोड्याच दिवसांनी मुंबईत आपल्या मोढ वाणी ज्ञातीच्या सभेपुढे उभा होता. ज्ञातीच्या शेटजींनी समुद्रपर्यटनास मनाई केली. मुलाने न डगमगता उत्तर दिले की परदेशगमन धर्मविरुद्ध आहे असे मला वाटत नाही. आईला मी वचन दिले आहे. ज्ञातीने यात पडू नये. शेटजींनी त्याला बहिष्कृत ठरविले व जो कोणी त्याला साहाय्य करील त्यास सव्वा रुपया दंड सांगितला. तो मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

आभाराच्या चार शब्दांना थरथरणारा मुलगा साऱ्या ज्ञातीपुढे निर्भय कसा झाला? आमच्या मते, राजकोटला त्याला शब्द म्हणावयाचे होते. मुंबईत त्याला काही सांगावयाचे होते. धैर्य कंठातून येत नाही, सांगण्यासारख्या गोष्टीतून येते.

तथापि एका प्रसंगाने वक्ता घडत नाही, हेही त्याच चरित्रातून दिसते. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या बैठकीत गांधीजींनी आपले म्हणणे लिहून नेले, ते दुसऱ्याने वाचले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपयांचा पहिला खटला मिळाला. उलटतपासणीस उभे राहताच काही सुचेना. ते खाली बसले व दुसरा वकील पाहण्यास सांगितले. १८९३ साली प्रिटोरियात व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी व्यापारातील सचोटीवर भाषण केले. विषयाची तयारी करून गेले होते, म्हणून ते निभावले. आपले पहिले जाहीर भाषण म्हणून ते त्याचाच उल्लेख करतात. यानंतर प्रिटोरियात अशा सभा नियमाने भरू लागल्या. तरीही १८९६ साली मुंबईच्या मोठ्या सभेत त्यांचा आवाज फुटेना, आणि त्यांचे लेखी भाषण शेवटी दिनशा वाच्छांनी वाचून दाखविले! ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ज्यांच्या शब्दाने देश पेटून उठला, त्यांचा पूर्वेतिहास असा आहे. देणगी म्हणावी तर ती पन्नास वर्षे कमवावी लागली.

तिसरे उदाहरण नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. हे आमच्याच पेशाचे. पुण्यात गणित व इंग्रजी शिकविणारे. १८९७ साली ते विलायतेत असता पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी पत्रांतून आलेली माहिती त्यांनी तेथे प्रसिद्ध केली. परत आल्यावर पुरावा पुढे आणता येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली, व स्वजनांचाही रोष सोसावा लागला. दुसरा कोणी खचला असता. गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले, ते सरकारी आकड्यांच्याच आधाराने. दुष्काळाने रयत गांजलेली असता तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर प्रमाणाबाहेर आहेत, असे त्यांनी दाखविले. पुढील वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. हे एका भाषणाचेच फळ असे आम्ही म्हणणार नाही. पण मागणी साधार नोंदली गेली होती, हे निश्चित.

या साऱ्यातून आम्हां सामान्यांनी काय घ्यावे? पल्लेदार वाक्ये नव्हेत. एक विषय घ्यावा. श्रोत्याच्या शंका आधी कागदावर मांडाव्यात. आकडा सांगावयाचा तर पडताळून सांगावा. भाषण घरी उभे राहून, मोठ्याने, दोन-तीनदा म्हणावे. मनात वाचलेले सभेत आठवत नाही. पहिले वाक्य व शेवटचे वाक्य मुखोद्गत असावे, मधले मुद्द्यांवर सोडावे. आणि आवाज कापला तर कापू द्यावा. मोठमोठ्यांचा कापला आहे.

संस्थेच्या चालकांसही एक विनंती आहे. वार्षिक सभेत अर्धा तास असा राखावा की ज्यात पूर्वी कधीही न बोललेल्या सभासदांनीच, विशेषतः भगिनींनी व तरुणांनी, प्रत्येकी तीन मिनिटे बोलावे. पूर्वी ज्ञातीची सभा म्हणजे तरुणास गप्प करण्याची व बहिष्कार घालण्याची जागा होती. २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत करून त्या रूढीस गुन्हा ठरविले. परंतु कायदा बहिष्कार थांबवू शकतो, मुकेपणा दूर करू शकत नाही. ते काम आपले आहे. ज्या सभेपुढे आनंदीबाई वा मोहनदास यांच्यासारख्या मुलांना उत्तर द्यावे लागले, तशी सभा आपली नसावी. अशा मुलांनी प्रथम जेथे तोंड उघडावे, तशी ती असावी, इतके सांगून आम्ही वाचकांची रजा घेतो.