दोष दाढांचा की वयाचा?

१९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुई येथील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी कानदुखी, कानातला गुणगुणाट आणि चक्कर यांचे खापर जबड्याच्या सांध्यावर फोडले. मागच्या दाढा गेल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि त्याचे सांध्यातले टोक मागे सरकून नसा दाबते, हा त्यांचा सिद्धांत. १९४८ मध्ये शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिशर यांनी या दाबाला शरीररचनेचा आधार नसल्याचे दाखवले. तरीही दाढांवरचा आरोप टिकला, कारण तो सोयीचा होता.

खरे तर हा सांधा दाढा शाबूत असतानाही बदलतो. त्यावरचे आवरण गुडघ्यातल्या काचेसारख्या कूर्चेचे नसून तंतुमय असते. त्याखालची वाढीची कूर्चा विशीत पातळ होते, हाडाचे कठीण कवच पूर्ण होते. पुढे हाडाचे टोक चपटे होऊ शकते, सांध्याच्या मधली चकती झिजते, क्वचित तिला भोकही पडते. दात गेल्यावर सांध्यावरचा भार बदलतो, असा आक्षेप येईल. तो रास्तच, पण दात गेलेली माणसे बहुधा वयस्कही असतात, त्यामुळे केवळ दातांना दोषी ठरवता येत नाही. शिवाय असे बदल झालेल्या अनेक वृद्धांचा जबडा दुखतच नाही. म्हणून केवळ एक्स-रेमधले चपटे हाड पाहून उपचार सुरू करणे चूकच.