नेत्रश्लेष्मशोथ, रक्तस्रावी
डोळे येण्याचा व्हायरसजन्य साथीचा प्रकार. यात डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली रक्तस्राव होतो. हा रोग प्रथम १९६९ मध्ये घानातील आक्रा येथे आढळला. त्याच सुमारास मानव चंद्रावर उतरल्यामुळे त्यास ‘अपोलो-११ रोग’ असे नाव पडले. १९७० मध्ये सिंगापूर येथील साथीत कॉक्सॅकी ए-२४ व्हायरसाचा एक प्रकार, तर १९७१ मध्ये जपानमध्ये एंटेरोव्हायरस-७० हा नवा व्हायरस वेगळा करण्यात आला.

१९७१ मध्ये भारतात मोठी साथ आली. बांगला देश मुक्तिसंग्रामाच्या त्या काळात पश्चिम बंगालमध्ये ती ‘जय बांगला’ या नावाने ओळखली गेली. डोळे सामान्यतः आठवडा-दीड आठवड्यात बरे होत असल्याने रोग निरुपद्रवी वाटे. तथापि मुंबईतील काही रुग्णांना डोळे बरे झाल्यावर पायांचा लुळेपणा आला. मेरुरज्जू व तंत्रिकामुळांच्या या विकाराचे वर्णन नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. एंटेरोव्हायरस-७० हा पोलिओच्या व्हायरसाच्याच प्रजातीतील असल्याने या साम्याचा उलगडा झाला.